झेंडूचं दुसरं नाव

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी मी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या दक्षिण भागातल्या स्वॅप मीटला जाते. स्वॅप मीट म्हणजे आपला आठवडी बाजार. जुन्या सायकली, टायर, लहान मुलांचे कपडे, सुक्या मिरच्यांची पोती, मधेच गाणी लावून बसलेला एखादा कॅसेटवाला, आणि अगदी शेवटच्या गल्लीत फुलवाल्या. आपल्या देशी दुकानात दसऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीत मोजून दहा-बारा फुलं मिळतात. इथे बादल्याच्या बादल्या भरून झेंडू असतो, देठासकट, मुळांची माती अजून ओली.

पहिल्या वर्षी मी चार जुड्या उचलल्या तेव्हा फुलवालीनं पैसे मोजता मोजता सहज विचारलं, ‘पारा तूस मुएर्तोस?’ माझं स्पॅनिश तेव्हा दहा-वीस शब्दांचं. पण ‘मुएर्तो’ कळलं. तुझ्या मेलेल्या माणसांसाठी का? सणाच्या तोंडावर असं कुणी बोललं की आपल्याकडे मागे वळून थुंकतात. मी घाईघाईनं हातानं दार काढून दाखवलं, तोरण काढून दाखवलं. तिनं मान हलवली आणि वर आणखी एक जुडी फुकट ठेवली.

त्या फुलाचं तिच्याकडचं नाव सेम्पासुचिल. शब्द स्पॅनिशचा नाही, त्याआधीच्या नाहुआत्ल भाषेतला आहे. नाहुआत्लमध्ये सेम्पोआल्ली म्हणजे वीस, शोचित्ल म्हणजे फूल. वीस पाकळ्यांचं फूल. १ आणि २ नोव्हेंबरला घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण म्हणून मेक्सिकोत आणि इथल्या मेक्सिकन वस्त्यांत वेदी मांडतात, आणि दारापासून त्या वेदीपर्यंत या पाकळ्यांची वाट घालतात. उग्र वासावरून माणसांना घर सापडतं, असं मानतात. आणि हे फूल मूळचं त्यांचंच. खंड ओलांडून ते आपल्याकडे आलं, आपण त्याला झेंडू म्हटलं आणि ते इतकं आपलं झालं की त्याच्याशिवाय दसरा सुचत नाही. मिरचीचंही तेच, चिकूचंही तेच. निपाणीत आमच्या परसात झेंडू असायचा. तो कुठून आला, हे विचारायचं कुणाच्या मनात कधी आलं नाही.

‘कुठून आलात?’ हा प्रश्न मात्र मी माणसांना विचारत होते.

आमच्या शेजारच्या आजी पंच्याऐंशीच्या आहेत. मी त्यांना सेन्योरा म्हणते, त्या मला ‘मीहा’ म्हणतात, म्हणजे पोरी. बंदराजवळच्या लोगन वस्तीत जन्मल्या, तिथल्याच टूना माशांच्या कारखान्यात बावीस वर्षं उभ्या राहून काम केलं, मग मुलानं इकडे आणलं. इथे आल्याच्या पहिल्याच महिन्यात मी त्यांना विचारलं, ‘तुमच्या घरचे लोक अमेरिकेत कधी आले?’ आम्हां देशी माणसांत हा प्रश्न हवापाण्यासारखा असतो. कधी आलात, कुठल्या व्हिसावर आलात, ग्रीन कार्ड झालं का. आजी मक्याचं पीठ मळत होत्या. त्यांनी हात पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘वडिलांकडचे आले. आईकडचे आलेच नाहीत. ते टूसॉनचे. ते तिथेच होते.’

टूसॉन म्हणजे शेजारच्या अ‍ॅरिझोनातलं शहर. मला वाटलं त्या आदिवासी म्हणतायत. तसं नव्हतं. किंवा तसंही थोडं होतं, आणि शिवाय बरंच काही होतं.

१८४६ साली अमेरिकेनं मेक्सिकोशी युद्ध सुरू केलं. दोन वर्षांत अमेरिकेचं सैन्य मेक्सिको शहरात पोचलं. २ फेब्रुवारी १८४८ला ग्वादालूपे इदाल्गो या गावी तह झाला आणि आजचा कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा, अ‍ॅरिझोना नि न्यू मेक्सिकोचा मोठा भाग, कोलोराडो-वायोमिंगचे तुकडे, एवढी जमीन दीड कोटी डॉलरला हस्तांतरित झाली. महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त प्रदेश. टेक्सास त्याआधीच गेलं होतं. तहाच्या नऊ दिवस आधी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियातल्या कोलोमा इथे नदीच्या पाटात सोनं सापडलं होतं, पण सह्या करणाऱ्यांपैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. आमच्या सॅन डिएगोपाशी रेघ कुठे मारायची, हेही तहात लिहिलेलं आहे. सॅन डिएगो बंदराच्या दक्षिण टोकापासून एक सागरी लीग, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, खाली. बंदर अमेरिकेला हवं होतं, म्हणून. समुद्रकाठी आजही तिथे १८५१ सालचा संगमरवरी खांब उभा आहे, आता कुंपणाला चिकटून.

आजींच्या आईकडचे या तहातसुद्धा मेक्सिकोतच राहिले होते. टूसॉन तेव्हा रेषेच्या दक्षिणेला पडलं. मग १८५३ला रेल्वेमार्गासाठी सपाट जमीन हवी म्हणून अमेरिकेनं आणखी एक पट्टा विकत घेतला, एक कोटी डॉलरला, आणि टूसॉन त्यात गेलं. आजींच्या पणजोबांनी विहीर बदलली नाही, चर्च बदललं नाही, देश बदलला.

हे ऐकताना मला माझे आजोबा आठवले. ते निपाणीचे. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्यरचना झाली आणि निपाणी-बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आजोबा त्या दिवशी नेहमीसारखे वखारीत गेले आणि संध्याकाळी दुसऱ्या राज्यातल्या त्याच घरी परत आले. सीमाभागात मराठी माणसं अजून १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. लहानपणी त्या दिवशी आजोबा दुकानं बंद करायला लावणाऱ्यांत नसायचे. ते घरी बसून जमिनीचा जुना उतारा काढून बघायचे. जुना मराठीत होता, नवा कानडीत. ‘जमीन तीच आहे,’ म्हणायचे, ‘मला वाचता येत नाही एवढंच.’ ती राज्यांची सीमा होती, देशांची नव्हे. सैन्य आलं नव्हतं, नागरिकत्व गेलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालण्यासारख्या नाहीत, आणि मी घालतही नाही. पण कागदावरची लिपी बदलली की आपल्याच शेताच्या बांधावर माणूस कसा परका होतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आजी बोलायला लागल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे कोरी नव्हते, ते आजोबांमुळे.

जमिनीच्या कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी लूट तिथे झाली. मेक्सिकोच्या काळात कॅलिफोर्नियात मोठमोठे राँचो, म्हणजे गुरं चारायच्या जमिनी, दिलेले होते. त्यांचे नकाशे हातानं काढलेले, रंगवलेले असत. डोंगर छोट्या छोट्या उंचवट्यांसारखे, ओढा निळा, आणि हद्दीच्या खुणा म्हणून एखादं ओकचं झाड, दगडांची रास, कधी बैलाची कवटी. गावातल्या सगळ्यांना ते झाड माहीत असे, तेवढं पुरे होतं. तहाच्या मूळ मसुद्यात या जमिनींच्या दानपत्रांना संरक्षण देणारं दहावं कलम होतं. अमेरिकेच्या सिनेटनं ते उडवलं. मग १८५१ला कायदा झाला की प्रत्येकानं आपली मालकी आयोगापुढे सिद्ध करावी. आयोग बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोत बसायचा, कारभार इंग्रजीत, वकिलाची फी रोख. रोख पैसा नसलेले गुरांचे मालक वकिलाला जमीनच देऊ लागले. ८१३ दावे दाखल झाले. त्यांतले बहुतेक शेवटी मान्यही झाले. पण शेवटचा कागद हातात यायला सरासरी १७ वर्षं लागली, आणि तोवर मान्य झालेली जमीन सावकाराकडे, वकिलाकडे किंवा आधीच घुसून बसलेल्या कुणाकडे गेलेली असे. दिवाणी दाव्याचं आपल्याकडचं जुनं बोलणं आहे ना, जिंकला तो हरला आणि हरला तो मेला.

कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे मेक्सिकन जनरल मारियानो वायेहो यांची गोष्ट मला सगळ्यांत लागते. ते अमेरिकेच्या बाजूचे होते. कॅलिफोर्निया अमेरिकेत गेलं तर बरं होईल, असं त्यांचं उघड मत. १८४६ला अमेरिकन बंडखोर दाराशी आले तेव्हा त्यांनी त्यांना घरात घेऊन पाहुणचार केला, आणि बंडखोरांनी त्यांनाच पकडून कैदेत टाकलं. तरी सुटल्यावर ते कॅलिफोर्नियाच्या १८४९च्या घटना समितीवर बसले. ४८ सदस्यांत ८ जण त्यांच्यासारखे मूळचे स्पॅनिश बोलणारे. त्या घटनेत लिहिलं होतं की राज्याचे सगळे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत छापले जातील. १८७९च्या नव्या घटनेत ती ओळ राहिली नाही. तीस वर्षांत भाषा घटनेतून बाहेर पडली, आणि हजारो एकरांचे मालक असलेले वायेहो एका घरापुरते उरले.

मोर्च्यांत एक घोषणा नेहमी ऐकू येते. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं. शब्दशः पाहिलं तर आजच्या थोड्याच कुटुंबांना ती लागू पडते. १८४८ला त्या साऱ्या मुलखात मेक्सिकन माणसं होती लाखाच्या आसपास. बहुतेकांचे पूर्वज नंतर आले. कुणी १९१०च्या मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत, आजींच्या वडिलांसारखे. कुणी १९४२ ते १९६४ या काळात सरकारी करारावर शेतमजूर म्हणून, ज्यांना ब्रासेरो म्हणत, म्हणजे हातांनी राबणारे. पण ते जिथे आले तिथल्या गावांची नावं सान्ता फे, लॉस आंजेलेस, साक्रामेन्तो, सान दिएगो. परक्याच्या घरी जेवायला बसावं आणि समोरच्या पितळी तांब्यावर आपल्याच पणजीचं नाव कोरलेलं दिसावं, तसं ते असणार. आणि एक गोष्ट आजींनीच मला बजावली. स्पॅनिशसुद्धा इथे तलवारीबरोबर आली. १७६९ला इथे स्पॅनिश पाद्र्यांचं पहिलं मिशन उभं राहिलं तेव्हा ही जमीन कुमेयाय लोकांची होती, आणि ते लोक आजही इथे आहेत. ‘आमच्या अंगात मारणारा आणि मार खाणारा दोघंही आहेत,’ आजी म्हणाल्या. हे त्यांनी पीठ मळता मळता सांगितलं.

माझ्या मुलीला शाळेत स्थानिक इतिहासाचा प्रकल्प होता. त्यातून लेमन ग्रोव्हची गोष्ट कळली. आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर. तेव्हा ते लिंबांच्या बागांचं गाव होतं आणि बागांत राबणारी कुटुंबं मेक्सिकन. ५ जानेवारी १९३१ला नाताळची सुट्टी संपवून मुलं शाळेत आली, तर मुख्याध्यापक दारात उभे. गोरी मुलं आत, मेक्सिकन मुलं बाहेर. पंच्याहत्तर मुलं. त्यांच्यासाठी वस्तीजवळ दोन खोल्यांची लाकडी इमारत बांधली होती, तिकडे जा म्हणून सांगितलं. पालकांनी त्या इमारतीचं नाव ठेवलं ला काबायेरिसा, घोड्यांचा तबेला. आणि मुलांना तिथे पाठवलंच नाही.

ही माणसं लिंबं तोडणारी होती हे लक्षात घ्या. वर्ष कुठलं होतं हेही. मंदीचं वर्ष. फेब्रुवारी १९३१ला लॉस आंजेलेसच्या जुन्या चौकात पोलिसांनी दारं अडवून मेक्सिकन दिसणाऱ्यांची कागदपत्रं तपासली. त्या दशकात लाखो माणसांना रेल्वेत बसवून मेक्सिकोला ‘परत’ धाडलं, आणि त्यांतली कितीतरी इथेच जन्मलेली, अमेरिकेचीच नागरिक होती. कॅलिफोर्निया राज्यानं त्याबद्दल माफी मागणारा कायदा केला तो २००५ला. अशा दिवसांत मान वर काढली तर गाडीत बसवतील, ही भीती प्रत्येक घरात असणार. तरी त्यांनी शेजाऱ्यांची समिती केली, मेक्सिकोच्या वकिलातीच्या मदतीनं वकील गाठले आणि शाळेच्या मंडळावर दावा लावला. दाव्यात नाव घातलं बारा वर्षांच्या रोबेर्तो आल्वारेसचं. तो हुशार होता आणि त्याचं इंग्रजी चांगलं होतं. शाळेचं म्हणणं, या मुलांना इंग्रजी येत नाही, म्हणून वेगळी शाळा. तर त्यांनी पुढे केला इंग्रजी उत्तम बोलणारा मुलगा. मार्चअखेर निकाल लागला. सगळ्या मेक्सिकन मुलांना असं वेगळं काढणं कायद्यात बसत नाही, त्यांना परत घ्या. मुलं आपल्या शाळेत परत गेली.

अमेरिकेत शाळांतला वर्णभेद संपवणारा म्हणून ओळखला जातो तो १९५४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्याच्या तेवीस वर्षं आधी लिंबाच्या बागेतल्या मजुरांनी हे जिंकलं होतं. मी ते मुलीला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. तिनं पुठ्ठ्यावर तबेला काढला, आणि बाहेर पंच्याहत्तर काड्या चिकटवल्या, मोजून.

पुढच्या गोष्टीत तर आपणही आहोत. १९३०च्या अमेरिकन जनगणनेत वंशाच्या रकान्यात ‘मेक्सिकन’ असा एक वंश होता. आधी नव्हता, नंतर काढून टाकला. आणि त्याच यादीत आणखी एक वंश होता, ‘हिंदू’. शीख असो, मुसलमान असो, हिंदुस्थानातून आलेला तो हिंदू. आमच्या पूर्वेला दोन तासांवर इम्पिरियल व्हॅली आहे. वाळवंटात कालव्याचं पाणी आणून पिकवलेला मुलूख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पंजाबी शेतकरी आले. १९१७च्या कायद्यानं त्यांना घरच्यांना आणता येईना, १९२३ला भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही, आणि नागरिक होऊ शकत नाही म्हणून राज्याच्या १९१३च्या कायद्यानं जमीनही घेता येईना. गोऱ्या बाईशी लग्न करायला राज्यात बंदी. मग काहीशे पंजाबी पुरुषांनी कापूस वेचणाऱ्या मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. कचेरीतला कारकून दोघांच्या कातडीकडे बघायचा, रंग जुळला की परवाना द्यायचा. त्या घरांतून मुलांची नावं स्पॅनिश, आडनाव सिंग. आयांची भाषा घरात राहिली, पंजाबी फारशी राहिली नाही. लोक त्यांना मेक्सिकन हिंदू म्हणत. मला इथे येऊन आठ वर्षं होईपर्यंत हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही देशी मंडळी गणपतीत, दिवाळीत भेटतो तेव्हा आपला इथला इतिहास इंजिनियर आणि डॉक्टरांपासून मोजतो. त्या कापसाच्या शेतापासून कुणी मोजत नाही.

नाव कुणी ठेवायचं, हाच या सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा आहे असं मला वाटतं. इथल्या मेक्सिकन वंशाच्या माणसांना लावला जाणारा ‘चिकानो’ हा शब्द ‘मेशिकानो’वरून आला असं मानतात. जुन्या काळी मेक्सिकोतला ‘क्स’ म्हणजे ‘श’, मेशिको. आजींच्या लहानपणी चिकानो ही शिवी होती. गावंढळ, मळकट, काम करकरून वाकलेला. घरात कुणी तो शब्द काढला तर त्यांची आई तोंडावर मारायची. मग १९६०च्या दशकात त्यांच्याहून धाकट्या पोरांनी तोच शब्द उचलला आणि छातीवर लावला. ६ फेब्रुवारी १९७०ला पत्रकार रुबेन सालाझार यांनी लॉस आंजेलेसच्या मोठ्या दैनिकात लेख लिहून सांगितलं की चिकानो म्हणजे असा मेक्सिकन-अमेरिकन, ज्याच्या मनातली स्वतःची प्रतिमा गोऱ्यांकडून उसनी घेतलेली नाही. त्याच वर्षी २९ ऑगस्टला व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोठ्या चिकानो मोर्च्याच्या दिवशी ते एका कॅफेत बसले असताना पोलिसांचं अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागून गेले. बेचाळीस वर्षांचे होते. कुणावरही खटला झाला नाही. जी जात-नावं आपल्याकडे शिवी म्हणून वापरली जायची, ती ताठ मानेनं आपल्या कवितेवर लिहिणारी माणसं मराठीनं पाहिलेली आहेत, त्याच दशकात. म्हणून मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत.

हिस्पॅनिक आणि लॅटिनो हे शब्द मोठ्या छत्रीसारखे आहेत. ‘हिस्पॅनिक’ हा प्रश्न १९८०पासून जनगणनेच्या अर्जावर प्रत्येक घराला विचारला जातो. त्या छत्रीत क्यूबाचे, एल साल्वादोरचे, जन्मानंच अमेरिकन नागरिक असलेले पोर्टो रिकोचे, सगळे येतात. २०२०च्या मोजणीत अशी ६ कोटी २० लाखांहून जास्त माणसं भरली. आजींना विचारलं की तुम्ही यातल्या कोण, तर त्या म्हणतात, ‘अर्जावर जे असेल ते. पार्कात चिकाना.’

पार्क म्हणजे चिकानो पार्क. त्यांच्या जुन्या लोगन वस्तीच्या छातीवरून आधी १९६३ला महामार्ग गेला, मग १९६९ला कोरोनाडो पुलाचे खांब आले. घरं गेली. पुलाखाली बाग करून देऊ, असं वस्तीला सांगितलेलं. २२ एप्रिल १९७०ला तिथे बुलडोझर आले. एका तरुणानं चौकशी केली तर कळलं, बाग नव्हे, महामार्ग पोलिसांच्या ठाण्याची तयारी चालू आहे. तो दारोदार धावला, शाळांत धावला. माणसं आली, हातात हात घालून बुलडोझरभोवती उभी राहिली. बारा दिवस त्यांनी ती जागा सोडली नाही, आणि त्या बारा दिवसांत तिथे झाडं लावली, निवडुंग लावले. आजी कारखान्यातून कामाची पाळी संपवून यायच्या, अंगाला माशाचा वास, कडेवर धाकटा मुलगा. ‘माझ्या हातात फावडं नव्हतं,’ त्या सांगतात, ‘स्वयंपाकघरातला मोठा चमचा होता. त्यानं खड्डा केला.’ शेवटी सरकारनं जागा दिली.

१९७३पासून चित्रकारांनी पुलाचे काँक्रीटचे खांब रंगवायला घेतले. आज ऐंशीहून जास्त भित्तिचित्रं आहेत, आणि २०१६ला तो राष्ट्रीय ऐतिहासिक ठेवा ठरला. खांबांवर साप, गरुड, मक्याची कणसं, ग्वादालूपेची माता, डोळ्यात डोळा घालून बघणाऱ्या बायका. डोक्यावरून गाड्या जातात त्याची घरघर सतत येत असते. पहिल्यांदा गेले तेव्हा मला देवळाच्या सभामंडपात उभं राहिल्यासारखं झालं.

भिंतीवर लिहिण्याची ही सवय मेक्सिकोतून आली. १९३२ला लॉस आंजेलेसमध्ये चित्रकार सिकेरोस यांना एक भिंत दिली, उष्ण कटिबंधातली छान झाडं-पानं काढा म्हणून. त्यांनी मधोमध काढला क्रुसावर बांधलेला आदिवासी आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकेचा गरुड. काही वर्षांत सगळं चित्र पांढऱ्या रंगानं पुसलं गेलं. साठच्या दशकाच्या शेवटी उन्हानं तो चुना पातळ झाला आणि खालचा माणूस परत दिसायला लागला, नेमका चिकानो चळवळीच्या काळात. २०१२पासून ते चित्र लोकांना पाहता येतं. दुसरा चित्रकार दिएगो रिवेरा. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत त्यांनी भाकरी वाटणाऱ्या माणसांचं चित्र काढलं आहे. टेबलाच्या मध्यावर भाकरी मोडणारा जो सावळा माणूस आहे, तो मराठी आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांना चुकवत देशोदेशी फिरले, १९२४च्या सुमाराला मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या जाती सुधारल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. १९६७ला नागपुरात वारले. त्यांच्याबद्दल मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी चित्रकार कोण हे विचारलं नाही. कुठला मका, पांढरा की निळा, हे विचारलं.

आजींच्या घरी कोठीच्या दारामागे एक अवजार टांगलेलं आहे. त्यांच्या वडिलांचं. एल कोर्तितो, म्हणजे आखूडशी. कुदळीसारखं पातं आणि दांडा जेमतेम हातभर. सॅलडच्या पाल्याची, बिटाची रोपं विरळ करायला ते वापरत. मी हातात धरून पाहिलं. जमिनीला पातं लागायचं तर कंबरेतून पूर्ण वाकावं लागतं. खुरपणी आपल्याकडच्या बायका बसून करतात, अंग टेकतं. इथे बसायचं नाही, ओळीतून पुढे सरकत राहायचं, दहा-दहा तास. लांब दांड्याच्या कुदळीनं तेच काम होत होतं, पण मालकांना आखूडच हवी. एक कारण असं सांगतात की शेताच्या कडेला उभ्या मुकादमाला एका नजरेत कळावं, कोण काम करतंय आणि कोण ताठ उभं आहे. पाठीचे मणके झिजलेल्या माणसांच्या साक्षी घेऊन गरिबांसाठी लढणाऱ्या वकिलांनी हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९७५ला त्या अवजारावर बंदी आली. द्राक्षमजुरांचा १९६५चा संप सगळ्यांना माहीत असतो. तो सुरू केला लॅरी इटलियाँग यांच्याबरोबरच्या फिलिपिनो मजुरांनी, आठवडाभरानं सेसार चावेस आणि डोलोरेस वेर्ता यांची संघटना त्यांना मिळाली, आणि पाच वर्षांनी मळेवाल्यांनी करार केले. तो इतिहास मोठा आहेच. पण मला त्या हातभर दांड्याच्या लाकडावरचा डाग दिसतो. तळहात जिथे बसायचा तिथे लाकूड काळं, गुळगुळीत झालंय, आमच्या जात्याच्या खुंट्यासारखं.

आजींच्या नातीला स्पॅनिश येत नाही. समजतं, बोलता येत नाही. ‘मला माहीत नाही’ हे स्पॅनिशमध्ये ‘नो से’. व्याकरण न कळणारी मुलं सरळ नियम लावून ‘नो साबो’ म्हणतात, आणि मग अशा सगळ्या मुलांना ‘नो साबो’ म्हणून चिडवतात. मेक्सिकोला गेलं की चुलत भावंडं चिडवतात, इथे शाळेत आडनावावरून चिडवतात. ‘ना इथली ना तिथली’ असं स्पॅनिशमध्ये अगदी याच शब्दांत म्हणतात. आजींचा यात काय दोष? त्यांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल हातावर पट्टी मिळायची. आपल्या मुलाला ती मिळू नये म्हणून त्यांनी त्याच्याशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. ते इंग्रजी त्यांनी कारखान्यात, रेडिओवर, जाहिरातींतून गोळा केलेलं. ‘मी त्याला अंगाईसुद्धा इंग्रजीत म्हटली,’ एकदा म्हणाल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

माझी मुलगी मराठीत ‘मी पाणी पिली’ म्हणायची तेव्हा मी हसायचे. आमच्या मंडळात सगळे हसायचे. पोरीचं मराठी ऐका, म्हणून फोनवर बोलायला लावायचो. आजींकडून आल्यापासून मी हसणं बंद केलं. तिनं फोनवर बोलणं आधीच बंद केलं होतं. आता हळूहळू पुन्हा बोलते, चुकत चुकत. आजींची नातही शिकतेय, आजींकडूनच, रविवारी. दोघी कधी कधी एकत्र बसतात. एक म्हणते ‘मी पिली’, दुसरी म्हणते ‘नो साबो’, आणि त्यांचं त्यांना कळतं.

गेल्या वर्षी १ नोव्हेंबरला मी सकाळीच त्यांच्याकडे गेले. वेदी मांडणं चालू होतं. तीन पायऱ्या, वर कातरलेल्या रंगीत कागदाच्या पताका, आईवडिलांचे फोटो, नवऱ्याचा लष्करी गणवेशातला फोटो, मीठ, पाणी, गोड पाव. प्रत्येकाच्या फोटोपुढे त्याला आवडायचं ते. दारापासून पाकळ्यांची वाट नात घालत होती. दसऱ्याच्या तोरणातला उरलेला झेंडू मी नेला होता, सुकलेला. आजींनी तोही वाटेत टाकला. मग म्हणाल्या, ‘तुझं कुणी नाही का?’

आजोबांचा एकच फोटो माझ्या फोनमध्ये होता. नातीनं तो छापून आणला. आजींनी तो चष्मा लावून नीट पाहिला. धोतर, काळी टोपी, वखारीचं दार. आज आमच्या गावी काळा दिवस असतो, हे मी त्यांना सांगितलं. का, तेही सांगितलं. मराठी उतारा, कानडी उतारा. त्या ऐकत होत्या. फोटो त्यांनी त्यांच्या आईच्या, टूसॉनवाल्यांच्या शेजारी ठेवला.

‘त्यांना काय आवडायचं?’

‘विडी,’ मी म्हटलं. ‘निपाणीच्या तंबाखूची.’

घरात सिगारेट कुणीच ओढत नाही. नवऱ्यासाठी म्हणून दरवर्षी त्या एक पाकीट आणतात आणि त्यातली एकच वेदीवर ठेवतात. त्यांनी पाकिटातून दुसरी काढली, कागद फाडला, आतला तंबाखू तळहातावर घेतला आणि मला विचारलं, पान कसलं असतं. टेंभुर्णीचं, मी म्हटलं, इथे मिळणार नाही. त्या मागच्या दारी गेल्या, मक्याच्या कणसाचं सुकं साल घेऊन आल्या आणि माझ्यापुढे धरलं. मला वळता येत होती. आजोबांच्या शेजारी बसून शिकले होते.